उदाहरण द्या

सहामाहीचा गठ्ठा घेऊन मी प्रयोगशाळेतच बसते.
घरी टीव्ही असतो. इथे फक्त गळका नळ
आणि खिडकीखालून, तांबट आळीतून,
मठारकामाचे ठोके.
वीस वर्षं ऐकतेय. आता ऐकू येतात
ते फक्त थांबले की.

प्रश्न दुसरा, अ. वर्गीकरण करा:
तांबे, पितळ, पाणी, हवा, मोरचूद.
नववी ब, एकोणचाळीस पेपर.
तांबे सगळ्यांना येतं, पाणी निम्म्यांना,
हवेला दरवर्षी कुणीतरी मूलद्रव्य ठरवतं
(गेल्या वर्षी एकाने ‘देव’ लिहिलं होतं,
शून्य देताना हात जरा अडखळला).

शलाका निजामपूरकरने पितळ मिश्रणात टाकलंय.
बरोबर. एक गुण.
पण बाजूला, समासात, पेन्सिलीने:
‘बाई, पुस्तकात आहे की मिश्रणातले घटक
साध्या रीतीने वेगळे करता येतात.
आमच्याकडे पितळेची मोड किलोने येते.
त्यातून जस्त वेगळं करून दाखवाल का?
बाबा म्हणाले, बाईंना विचार.’

लोहकीस आणि गंधक, त्यावर चुंबक फिरवला की झालं.
वाळूतलं मीठ, त्याला पाणी आणि गाळणकागद.
मोठ्या रुबाबात दाखवते मी दरवर्षी.
पितळेला माझ्याकडे चुंबक नाही.

जुलैत हिनेच मोरचुदाच्या द्रावणात खिळा सोडला होता.
बाकीच्यांनी जादू म्हणून टाळ्या पिटल्या,
ही खिळा नखाने खरवडत राहिली.
बोटाला लागलेलं तांबडं उजेडात धरून म्हणाली,
‘आपलंच आहे.’
लग्नघरी गेलेलं भांडं
काठावरच्या नावावरून ओळखावं, तसं.

निळं पाणी फिकं पडत चाललं होतं.
‘म्हणजे इतका वेळ ते पाण्यात होतं?’
होतं.
‘दिसत नव्हतं.’
निळं दिसत होतं ना.
जरा वेळाने, ‘आमचं ताक कळकतं, तेव्हापण?’
तेव्हापण.
‘आई उगाच कल्हईवाल्याला बोलते मग.’
नाही गं, बोलू दे. त्याचीच चूक असते.

प्रश्न तिसरा, क. संपृक्त द्रावण म्हणजे काय?
उदाहरण द्या. गुण दोन.
अडतीस जणांनी मीठ घातलंय,
विरघळेनासं होईपर्यंत घातलंय, तळाशी बसवलंय.
शलाकाची व्याख्या शब्दशः पुस्तकातली. मग:
‘उदा. माझ्या बाबांचा कान.
सकाळी आठपासून त्यात ठोके जातात.
आता नवीन काही विरघळत नाही.
मी हाक मारली की ती तळाशी बसते.
तापमान वाढवल्यास (जोरात ओरडल्यास) थोडी मिसळते.’

नमुना उत्तरात हे नाही.
मुख्याध्यापक गठ्ठा तपासायला मागवतात,
त्यांना कान कुठल्या प्रकरणात दाखवू?
व्याख्येचा एक देते.
पुढे अर्धा लिहिते, खोडते,
खोडलेल्यावर सही करावी लागते, ती करते.

खाली ठोके थांबलेत.
इतके, की नळाचे थेंब मोजता येतात.
खिडकीशी जाते.
भट्टीतून निघालेला काळाठिक्कर हंडा
एक माणूस चिंचेच्या पाण्याने घासतोय.
काळं सुटतंय, आतलं गुलाबी उघडं पडतंय.
मागून कुणीतरी त्याला हाक मारतंय,
तिसऱ्यांदा.
तो मान वर करत नाही.

मी गजांना धरून,
शिकवणाऱ्या बाईला शोभणार नाही
इतक्या मोठ्याने
तापमान वाढवते.