पाव इंच

ऑक्टोबरात मी मागच्या अंगणात
कुजक्या फळ्या आणि एक मोडकं वल्हं जाळत होतो.
वारा फिरला. एकच ठिणगी
कुंपण ओलांडून गेली
आणि ड्रुसिला पेलीच्या दोरीवर वाळणाऱ्या गोधडीला
बशीएवढं भोक पाडून विझली.

ती दारात आली. गोधडी हातावर.
बोलली काहीच नाही.
मीच बोललो, घाईघाईत : नवी करून देतो.
न्यूफाउंडलंडच्या या खाडीत एकदा शब्द दिला
की तो वसंतापर्यंत कुठे जात नाही.
समुद्र गोठतो, फेरी धक्क्याला बांधलेली,
आणि घरं सगळी मिळून एकोणीस.

तीस वर्षं मी त्याच फेरीचं इंजिन सांभाळलं.
केसाच्या दहाव्या हिश्शाची फट
माझ्या बोटांना डोळे मिटून कळते.
म्हटलं, कापड ते काय!

लोखंड जिथे कापाल तिथे कापलेलं राहतं.
कापड तिरकं धरलं की ताणतं,
इस्त्री फिरवली की आणखीच,
आणि रात्री चौकोन म्हणून कापून ठेवलेलं काही
सकाळी उठून बघावं, तर चौकोन नसतं.

एक ना धड, भाराभर चिंध्या :
माझे फ्लॅनेलचे शर्ट, कामाच्या दोन पँटी,
पिठाचं एक फुलाफुलांचं पोतं,
आणि एक पडदा, ज्यावर अननस.
या खाडीत अननस कोणी आणला, देव जाणे.

सुईत दोरा ओवायला पहिल्या दिवशी अर्धा तास.
दुसऱ्या दिवशी वीस मिनिटं आणि पाच शिव्या.
तिसऱ्या दिवशी पलीकडचा अँसेल आला, नऊ वर्षांचा,
बघत उभा राहिला, मग म्हणाला,
"हेडलीकाका, थुंकी सुईला लावायची. दोऱ्याला नाही."

शिवणीला पाव इंच सोडा, असं पुस्तकात होतं.
सोडलं.
कधी पाव, कधी पावाहून किंचित जास्त.
किंचित म्हणजे नखाच्या कडेइतकं, त्याचं काय एवढं?
पण एका रांगेत अकरा चौकोन,
प्रत्येक चौकोन दोन्ही अंगांनी नखभर खाल्लेला,
आणि दुसरी रांग पहिलीहून
तीन बोटं आखूड.
इंजिनात हे झालं असतं
तर आम्ही सगळे तळाशी असतो.

उसवलं. शिवलं. उसवलं.
उसवणं मला आधी जमलं,
त्यात मी लवकरच तरबेज झालो.

जानेवारीत ती मीठ मागायला आली.
टेबलावरचा पसारा पाहिला,
एक रांग उचलून खिडकीच्या उजेडात धरली.
"याने कॉड पकडणार आहेस?"
एवढंच. मीठ न घेताच गेली.
सकाळी पायरीवरच्या बर्फात
एक अंगुस्ताना सापडला,
जुना, टोकाला झिजून कागदासारखा झालेला.
माझ्या करंगळीत जेमतेम बसला.
करंगळीने शिवायला शिकलो.

एप्रिलच्या शेवटी बर्फ फुटायला लागला
तेव्हा गोधडी झाली.
म्हणजे, थांबलो.
एक बाजू दुसरीहून वीतभर लांब,
कोपऱ्यात मध्येच एक फुगा, दाबला तर दुसरीकडे जाई,
आणि एक अननस डोक्यावर उभा.

घडी करून नेली. घडीसुद्धा सरळ होईना.
तिच्या पलंगावर जुनीच गोधडी होती.
भोकाच्या जागी लाल कापडाचा गोल,
टाके इतके बारीक की मी वाकून शोधले.
"हे कधी केलंस?"
"त्याच रात्री."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तू विचारलं नाहीस."

माझी गोधडी तिने त्यावर पसरली,
आखूड बाजू भिंतीकडे,
फुगा तळव्याने पायाशी सरकवत नेला.
उलट्या अननसावर तिचा हात थांबला.
"हा असाच लावायचा होता?"

"हो," मी म्हणालो.
पावाहून किंचित जास्त खोटं.