खट्

पहाटे चारला कुताईसीच्या विमानतळाबाहेर
मी विंचवाचं बिऱ्हाड घेऊन उभी:
बाचो कडेवर, केसो माझ्या कोटाचा खिसा धरून,
आणि पाठीवर घडी घातलेली ती खुर्ची,
थेसालोनिकीत हप्त्यांवर घेतलेली,
जिच्याकडे बोट दाखवून तीन देशांच्या तपासनिसांनी विचारलं
हे नेमकं काय आहे म्हणून.

ओतारची डेलिका तीन मालक पचवून आलेली.
स्टिअरिंग उजवीकडे, रस्ताही उजवीकडचाच,
त्यामुळे पुढे जाताना समोरचं काही त्याला दिसत नाही,
तो विचारतो शेजारी बसलेल्याला. शेजारी आज कुणी नव्हतं.

“पट्टा?” तो हसला. “आम्ही नऊ भावंडं
ट्रकच्या हौद्यात बटाट्यांवर बसून मोठी झालो.”
“नऊच्या नऊ?” मी विचारलं.
तो टायरला लाथ मारून हवा बघत राहिला.

मी बाकावरचं मेंढीचं कातडं दूर केलं,
फटीत हात घातला कोपरापर्यंत.
सूर्यफुलाची टरफलं. मेणबत्तीचं थोटूक.
कुणाची तरी केसांची पिन, पाच तेत्रीचं नाणं,
आणि मग, अगदी तळाशी, थंड लोखंड.
फुंकर मारली. खुर्ची उघडली, गुडघा रोवला,
सगळं वजन टाकून पट्टा ओढला
पोत्याची दोरी आवळावी तसा.
खट्.

केसोची उशी तोंडाने फुगवायची असते.
त्या थंडीत ती माझा अर्धा श्वास घेऊन बसली.
बाचो धनुष्य झाला, खुर्चीत मावेना,
त्याला दोन बिस्किटं आणि एक खोटं वचन दिलं
(गाडीत अस्वल दिसेल)
आणि तो वाकला. पुन्हा खट्.

झुग्दिदी मागे पडलं तेव्हा उजाडत होतं.
गाई रस्त्यात अशा उभ्या
जसा रस्ता त्यांच्याच नावावर चढवलाय.
धरणाच्या पुढे घाट सुरू झाला,
आणि प्रत्येक चर्च नेमकं वळणावरच.
ओतारच्या डाव्या हातात सिगरेट,
उजवा कपाळ, छाती, खांदे, तीनदा.
स्टिअरिंग तेवढा वेळ कुणाच्या हाती, विचारू नये.
मीही मनात हात जोडले. माझीही श्रद्धा आहे,
मी तिला फक्त एक पट्टा जोडलाय.

खाइशीच्या अलीकडे दरडीतला एक दगड
आमच्याआधी रस्त्यावर येऊन बसला होता.
ब्रेक.
फोन पुढे गेला, बियांची पुडी गेली,
डॅशबोर्डवरचा संत जॉर्ज घोड्यासकट खाली आला.
मुलं जिथल्या तिथे.
केसो म्हणाली, “पुन्हा करा.”
बाचोने विचारलं, अस्वल का?
ओतारने संताला उचललं, बाहीने पुसलं,
नंतर बराच वेळ सिगरेट पेटवली नाही.

मेस्तियात आई दारात, हात पिठाचे.
झोपलेल्या बाचोला सोडवताना
त्याच्या गळ्यापाशी पट्ट्याचा तांबडा वळ,
कुणी रात्रभर धरून ठेवल्यासारखा.
मी खुर्ची काढायला परत वळले,
तर ओतार तिच्यापुढे उभा, टोपी हातात.
“गुरुवारी बहिणीचा नातू आणायचाय. झुग्दिदीहून.
खालची नर्स म्हणते, लहान आहे फार.”

माझं विमान चोवीसला. हप्ते अजून सहा.
आणि त्यात, बहिणीचा नातू किती महिन्यांचा,
हेच त्याला ठाऊक नव्हतं.
बसता येतं का? तो म्हणाला, विचारतो.
मान धरतो का? विचारतो.
मी म्हटलं, बसत असेल तरच. शपथ घे.
त्याने घेतली, अर्थातच तीनदा.

मग मी त्याला शिकवलं: गुडघा इथे, ओढ असं,
आवाज येईपर्यंत सोडू नकोस.
त्या जाड बोटांनी चार वेळा चुकून
पाचव्यांदा खट्, आणि तो असा बघू लागला माझ्याकडे
जसं कुलूप आतून उघडलं.

डेलिका खाली उतरली.
मागच्या काचेतून खुर्ची दिसत राहिली,
रिकामी, पण घट्ट बांधलेली,
पहिल्या वळणापर्यंत.
तिथे चर्च आहे.