नंबर

छावणीत आमचं दुकान, रणपिसे ऑप्टिशियन्स.
चाळीस वर्षं मी लोकांच्या डोळ्यांपुढे काचा सरकवल्या:
आता बरं दिसतं,
की मघाशी बरं होतं?

देवाला सगळ्याला मिळून सहा दिवस पुरले.
मला सहा इंची आरसा घासायलाच सहा महिने लागले.
आता तो गच्चीवर, टाकीशेजारी,
पीव्हीसीच्या नळीत तळाशी बसून असतो.

शनिवारी गल्लीतले लोक जुन्या इंदुरात तेल वाहून येतात,
रिकामी बाटली हातात, तसेच जिना चढतात.
"रणपिसेकाका, दिसतोय का आज?"
श्वास धरून डोळा लावतात.
ज्याची साडेसाती चालू आहे तो गुड्डू
बराच वेळ वाकून राहिला, मग म्हणाला,
"भिया, ये तो जलेबी है."
त्या रात्री खाली उतरताना कुणी घाबरलेलं नव्हतं.

मी तेल वाहत नाही.
माझ्या हिशेबात तो चौथ्या दिवशीचा,
सूर्यचंद्रांबरोबर एकाच संध्याकाळी टांगलेला.
वक्री हो, असं त्याला कुणी सांगितलेलं नाही.
सहा हजार वर्षं झाली, फार तर थोडी वर.
हसा. केझियासुद्धा हसते.

पण बघा ना, बर्फ आहे तो, आणि पांढरा.
दुकानाची पाटी आठवडाभर पुसली नाही
तर रणपिसेतला र जातो.
साडेचारशे कोटी वर्षं उघड्यावर असलेली वस्तू
इतकी लख्ख राहील?
आपल्याकडे निदान पहाटे गाणं वाजवत गाडी येते,
ओला वेगळा, सुका वेगळा.
तिथे कोण येतं?

केझिया माझी नात. खंडवा रोडला भौतिकी शिकते.
कार्तिकातल्या एका रात्री, कानटोपी घालून, म्हणाली,
"आजोबा, एक सांगू? कडी तरुण आहेत
असं आमच्यातलेही काही जण म्हणतात."
मी चहा कठड्यावर ठेवला.
"किती तरुण?"
"दहा कोटी वर्षं. कदाचित."
"आणि बाकीचे?"
"ते म्हणतात, जुनीच आहेत. मळ चिकटत नाही त्यांना."
"तसलं कोटिंग मीही विकतो," म्हटलं,
"सहा महिन्यांत चिकटतो."
ती खूप हसली. मग हळूच म्हणाली,
"झडताहेत पण ती. बर्फ आत पडतोय,
पावसासारखा. एक दिवस नुसता गोळा उरेल."

सहा हजार आणि दहा कोटी.
माझ्या धंद्यात नंबर एवढा चुकला
तर गिऱ्हाईक पहिल्याच खांबावर आदळेल.
आम्ही आळीपाळीनं बघत राहिलो.
तिला उणे तीन, मला अधिक दोन,
तिला स्वच्छ दिसलं की मला धुरकट.
दर वेळी बटण फिरवायचं,
आणि तोवर तो सरकून काठाशी गेलेला असायचा,
नळी बोटभर ढकलून परत आणायचा.

ती झोपायला गेली. मी दुकान उघडून बसलो,
उगाच, दिवा न लावता.
मधल्या ड्रॉवरमध्ये मार्थाचा चष्मा असतो.
अकरा वर्षं कुणी घातलेला नाही.
रोज सकाळी मी तो पुसतो,
फडक्यानं, दोन्ही बाजूंनी,
काड्यांच्या बिजागरीत काडी घालून.
परवाच एक बाई काउंटरवर तो पाहून म्हणाली,
हा नवीन आलेला दिसतोय, केवढ्याला?

हे मी केझियाला सांगितलेलं नाही.
कुणालाच नाही.
पहाटे गाडीचं गाणं वळणावर ऐकू आलं
तेव्हा फडकं माझ्या हातातच होतं.