पस्तीस-पस्तीस

लो गेला होता. हाय तेवढा शिल्लक.
बारा दिवस मी तशीच चालवली गाडी,
पहाटे साडेचारला पाळी सुटली की
कोंढवा, येवलेवाडी, मग बोपदेव घाट.
समोरचे आधी दिवा मिचकावत,
मग हॉर्न, मग आईवरून.
मी हेल्मेटच्या आत पुटपुटायची,
अहो, माझ्याकडे दुसरा उजेडच नाहीये.

तेराव्या पहाटे तिसऱ्या वळणावर
एक दूधवाला उतरत होता.
त्याने डोळ्यांवर हात धरला,
पाय खडीत टेकला,
आणि डावीकडचा कॅन सुटला.
शिवी दिली नाही त्याने.
एवढंच म्हणाला, ताई, दिसंना हो काही.
दूध रस्त्याच्या उताराने गेलं.
माझ्या हायमध्ये ते फार स्वच्छ दिसलं.

नाना पेठ. दुपार.
जुना बल्ब मी नमुन्याच्या बाटलीत नेलेला,
वर चिठ्ठी: लो नाही, हाय आहे.
काउंटरवरचा पोरगा म्हणाला, मिस्टरांची गाडी का?
म्हटलं, माझी. मिस्टर बसने जातात.
मग मुर्तझाभाई स्वतःच उठले.

हा निळसर. पोरं हाच नेतात.
हा एलईडी, मागे बारका पंखा आहे,
गॅरंटी सहा महिने, तोंडी.
हा साठ-पंचावन्न, उजेड म्हणजे दिवस,
फक्त होल्डर वितळला तर…
तर काय? तर या, होल्डरही आपल्याकडेच मिळतो.
आणि हा पस्तीस-पस्तीस.
त्याच्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.

बॅटरीला वायर लावून एकेक पेटवला
समोरच्या कॅलेंडरवर.
दुपारी दोन वाजता सगळे सारखेच,
तारखा आधीही दिसत होत्या.

पांढरा घ्या, ताई. राणीसारख्या जाल.
समोरचा आपोआप बाजूला होतो.

समोरचा.
त्याच्या कॅनमध्ये किती लिटर होतं
मी विचारलंच नव्हतं.

म्हटलं, जानेवारीत वर धुकं असतं,
पांढरा उजेड आपल्याच तोंडावर येऊन बसतो.
हे खरं होतं, पण कारण ते नव्हतं.
पस्तीस-पस्तीस उचलला,
जुन्याशेजारी धरला,
तीन कान, मधला रुंद. जुळलं.
रात्रभर मी हेच करते रक्तपेढीत,
कुणाचं कुणाला चालेल ते बघते,
आणि चालणार नसेल तर
कितीही तांबडं असो, परत ठेवते.

काचेला बोट लावू नका हं.
बोटाचं तेल राहतं, तिथेच तापतो, तिथेच जातो.
मी जॅकेटमधून हातमोजे काढले.
मुर्तझाभाई पोराला म्हणाले, बघ. शिक.
एकशे चाळीस रुपये.
पिशवी नको म्हटलं, बाटलीतच टाकला.

रात्री भिवरीत, होनरावकाकांच्या भिंतीसमोर
दहा पावलांवर गाडी उभी केली.
एकच स्क्रू असतो.
पाव फेरा वर, तर उजेड शेवग्याच्या शेंड्यात,
काकांच्या माडीच्या खिडकीत.
पाव फेरा खाली, तर नुसतं पुढचं चाक
आणि एक गांगरलेला बेडूक.
काका खिडकीतून म्हणाले,
काय शोधतेयस गं एवढ्या रात्री?
म्हटलं, भिंतीवरची जागा. तुमच्या कमरेएवढी.
मग खाली ये म्हणतेस का?
आले. बनियनवर उभे राहिले भिंतीला लागून.
जरा डावीकडे. आता बरं वाटतंय, म्हणाले,
आणि तसेच उभे राहिले थोडा वेळ,
फोटो काढतात तसे.

परवा पहाटे पुन्हा तिसरं वळण.
वरून एक दिवा येत होता,
दोन्ही बाजूंना कॅनचा आवाज.
मी अंगठ्याने डिपर दाबला.
टक्.
उजेड रस्त्यावर बसला, म्हशीसारखा निवांत.
त्यानेही खाली घेतला.
तोच होता की दुसरा, कळलं नाही.
पस्तीस वॅटमध्ये चेहरे दिसत नाहीत.