जावई, ढोरांचा डॉक्टर

सासऱ्यांचा फोन आला: मोरा लंगडतेय.
एवारिस्तो सिल्वेइरा, वय एकाहत्तर,
ताकुआरेम्बोच्या उत्तरेला, सदतीस गाई,
फोनवर असे बोलतात
की शब्दागणिक पैसे पडतात.

चाळीस किलोमीटर लाल माती तुडवत आम्ही गेलो.
घोडीचे चारही खूर उचलून पाहिले,
सांधे दाबले, तिला गोल फिरवली.
ती माझ्या खिशातलं सफरचंद हुंगत होती.
सासरे फाटकापाशी,
शेजारी बाक असूनही उभे,
दोन पायांत अंतर ठेवून,
हलत्या होडीत माणूस उभा राहतो तसे.

घोडी ठणठणीत आहे, मी म्हटलं.
लंगडतंय कोण?

ते आकाशाकडे बघू लागले.
आकाशात काहीच नव्हतं.

मग स्वयंपाकघरात येर्बाचा कडू भोपळा फिरला,
त्यांच्याकडून माझ्याकडे, माझ्याकडून त्यांच्याकडे,
आणि एका किटलीत ते तीनदा उठले,
तिसऱ्यांदा परतले ते भिंतीला धरून.
"जळतं," एवढंच म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने, किटलीला सांगितल्यासारखं:
"खाली एका बाजूला सुजलंय. पेरूएवढं.
खोगिरावर बसलो की काजवे चमकतात.
रात्री हुडहुडी भरते.
ओफेलियाला सांगू नको."
ओफेलिया माझी बायको, त्यांची मुलगी.
शेजारच्या खोलीत
तिच्या झाडूचा आवाज केव्हाच थांबला होता.

अवघड जागेचं दुखणं
आणि जावई डॉक्टर, तोही ढोरांचा.
माणसाचं मला येत नाही.
पण ताप कुठल्याही पाठीचा कळतो.
त्यांच्या पाठीवर हात ठेवला,
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

गाडीत ते एका कुशीवर रेलून बसले.
वाटेत बोलले ते वडिलांबद्दल:
शेवटच्या हिवाळ्यात म्हातारा निलगिरीमागे जायचा,
अर्धा अर्धा तास.
आम्हाला वाटायचं, प्रार्थना करतो.

डॉक्टरीण तरुण, नाव यामिला, नखं बारीक कापलेली.
तपासणी कशी ते ऐकून सासरे दार शोधू लागले.
मी म्हटलं, पन्नास वर्षं
गाय गाभण आहे का बघायला
तुम्ही खांद्यापर्यंत हात घातलात.
हे एक बोट आहे.
ते हसले. हसताना दुखलं.

मग तिने कागदावर काढून दाखवलं:
ही लघवीची पिशवी, ही तिची वाट,
आणि वाटेला वेढून बसलेली ही ग्रंथी,
तरुणपणी अक्रोडाएवढी, मग वाढत जाते.
जंतू शिरले की सुजते,
आग खाली वृषणापर्यंत उतरते.
"ओल धरून फाटक फुगतं, तसं," सासरे म्हणाले.
"तसंच. आणि लाथ मारून उघडत नाही."

कर्करोगाचं तिने आपणहून काढलं:
तसं वाटत नाही, तरी सूज उतरली
की रक्त तपासून घेऊ.
चार आठवडे गोळ्या,
मध्येच बरं वाटलं तरी सोडायच्या नाहीत.
पाणी भरपूर, येर्बा कमी.
लघवी अडलीच तर उजाडायची वाट बघायची नाही.
खोगीर बंद.
इतका वेळ धीराने बसलेला माणूस
खोगिराशी कोसळला.

निघताना दारात विचारलं,
"वडिलांनाही हेच असेल?"
"असू शकतं," ती म्हणाली,
आणि पेन बंद करायला जरा जास्तच वेळ लावला.

आता मोरा जाड झालीय.
सासरे तिचा लगाम धरून गुरांमागे चालतात,
कुणी विचारलं तर, "घोडीचा पाय."

परवा कुंपणापलीकडे तेओफिलो येऊन थांबला.
लोकरीच्या भावाबद्दल बोलत राहिला,
एका पायावरून दुसऱ्या पायावर.
सासऱ्यांनी त्याला नीट न्याहाळलं.
"काय रे," म्हणाले, "तुझीही घोडी लंगडते का?"

तेओफिलोकडे घोडी नाही. ट्रॅक्टर आहे.
तो इकडे तिकडे बघून म्हणाला,
"हो."