शेपू

गंगापूर रोडला रशियन हॉटेल निघालंय म्हणून
हर्षलनं मला मुद्दाम नेलं.
"आई, तुला आठवेल काहीतरी."
आठवायलाही पैसे पडतात हल्ली:
वाटीभर बीटाच्या साराला तीनशे ऐंशी, कर वेगळा.

भिंतीवर बर्फाचं चित्र. एसी सोळावर.
काचेच्या कपाटात एकीच्या पोटात एक बसणाऱ्या बाहुल्या,
सगळ्यात धाकटी हरवलेली.
वाढणाऱ्या पोराच्या छातीवर नावाची पट्टी: मिशा.
मिसरूडसुद्धा धड फुटलेलं नाही.
विचारलं, खरं नाव काय रे?
इकडेतिकडे बघून म्हणाला,
गावित, आजी. सुरगाण्याचा.

सार आलं. रंग बरोबर.
वर पांढऱ्या मलईचा ठिपका, तोही बरोबर.
आणि तरी पहिल्या चमच्याला
कुणीतरी दार उघडावं, घर चुकलं म्हणावं,
परत लावून घ्यावं, तसं झालं.

ओझरला आमच्या ओळीत शेवटच्या क्वार्टरात लुदाबाई होती.
नाव मोठं होतं, कॉलनीनं कापून एवढं केलं.
तिचा नवरा इंजिनांचा वैद्य,
आणि हे त्याच्या हाताखाली.
निफाडचा पारा चारावर आला की आम्ही शेगडी सोडायचो नाही,
ती अर्ध्या बाह्यांत धुणं वाळत घालायची
आणि आमच्या कानटोप्यांना हसायची.

एका बाजाराच्या दिवशी
शेपूच्या ढिगापुढं थबकली.
जुडी उचलून नाकाला लावली
आणि उभ्या उभ्या रडली.
भाजीवाली घाबरली, ताई, नको असेल तर ठेवा.
मलाही शेपू आवडायचा नाही. आमच्या माहेरी कुणालाच.
ती म्हणाली, उक्रोप.
मी म्हटलं, शेपू.
झाली आमची शाळा सुरू.

बीट, कोबी, बटाटा, वरून फेटलेला चक्का,
आणि त्यावर शेपू, कच्चा, मूठभर.
दोन हिवाळे मी तिच्या ओट्याशी उभी राहिले.
मी तिला पुरण शिकवलं.
ती त्यात मिरपूड घालायची. घालू दे, म्हटलं.

ती गेल्यावर चार वर्षांनी पत्र आलं.
तिकिटावर देशाचं नाव वेगळंच,
अक्षर तेच, काटेरी कुंपणासारखं.
ह्यांनी चष्मा पुसून वाचायला घेतलं.
ह्यांची रशियन म्हणजे रिवेट, गळती, दाब, हात लावू नये.
पत्रात ह्यातलं काहीच नव्हतं.
हे नुसते उच्चार करत गेले, मोठ्यानं, अडखळत,
आणि दुसऱ्या पानावर मला ऐकू आलं: उक्रोप.
थांबा, पुन्हा वाचा.
पुन्हा वाचलं. उक्रोप.
तिकडे शेपू मिळतो म्हणत होती
की मिळत नाही म्हणत होती, ते कळलं नाही.
उत्तर काय लिहिणार?
पत्र अजून आहे, जुन्या लग्नपत्रिकांच्या खाली.

"गावित," मी हाक मारली, "यात शेपू का नाही?"
"कस्टमरला वास सोसत नाही म्हणतात मॅनेजर."
मग जरा वाकून,
"स्टाफच्या जेवणात आहे, आजी. मुगाची डाळ घालून."
"आण."
हर्षल म्हणाला, आई, प्लीज.

स्टीलच्या वाटीत आली. लसणाची फोडणी, किंचित करपलेली.
मी ती तीनशे ऐंशीच्या सारात उपडी केली, ढवळली.
शेजारच्या टेबलावरची मुलगी फोटो काढायची थांबली.
लुदाबाईचं सार नव्हतंच ते.
माझंही नव्हतं. कुणाचंच नव्हतं.
खाल्लं मात्र तळ दिसेपर्यंत,
पावाच्या तुकड्यानं बाउल पुसून.

बिलात शेपू लावला नव्हता.
गावितच्या हातात पन्नास ठेवले.
"स्पासिबा," म्हणाला, पढवलेलं,
आणि स्वतःच लाजला.

अशोक स्तंभाच्या सिग्नलला पहिला ढेकर आला.
शेपूचं असंच असतं,
एकदा खा, रात्रभर सांगत बसतो.
हर्षलनं न बोलता काच खाली केली.
दुसरा द्वारकेला.
मी मोजत होते.