गिऱ्हाईक

दर दुसऱ्या बुधवारी मी माहीमला जातो,
टिपणीसबाईंच्या दातांच्या दवाखान्यात.
बादली, नळी, दोन जुने टॉवेल.
पाटी अजून यजमानांच्याच नावाची.
शंभर पावलांवर समुद्र आहे,
पण या काचपेटीला तो चालत नाही.
इथला समुद्र मी पाकिटातल्या मिठाचा करतो, मोजून.

बोटाएवढा मासा. निळसर अंग,
डोळ्यातून शेपटीपर्यंत एक काळी रेघ,
घाईत काजळाचं बोट ओढावं तशी.
कुर्ल्याचा मुनाफ, ज्याच्याकडून आणले, त्यांना न्हावी म्हणतो.
प्रवाळाच्या कपारीत यांचं दुकान.
दारात नाचायचं, शेपूट वर, शेपूट खाली,
की मोठमोठे मासे रांग लावतात.
गोबरा जबडा उघडतो, कल्ले पसरतो,
न्हावी आत शिरतो,
दातांमागचे किडे टिपतो, कल्ल्यातून बाहेर.
गोबरा तोंड मिटत नाही.
एवढा विश्वास मी बाईंच्या खुर्चीतही पाहिलेला नाही.

लबाडीही चालते.
किड्यांपेक्षा गिऱ्हाइकाच्या अंगावरचा बुळबुळीत थर
त्याला जास्त आवडतो. हळूच एक लचका.
पुढचं गिऱ्हाईक बघत असलं
की मात्र अगदी सरळ.
मी कुणाला नावं ठेवू?
बाहेरची बाकडी रिकामी असली
की मागची काच मीही सोडून देतो.

मे महिन्यात तिघांतला मोठा मेला. नर होता.
त्याला वर्तमानपत्रात गुंडाळून
मी नळी लावेपर्यंत
थोरली मादी त्याच्या हद्दीवरून गस्त घालू लागली,
धाकटीभोवती पंख थरथरवत.
पंधरा दिवसांत ती पुरती नर होते.
बाईंना सांगितलं.
हातमोजा ओढत म्हणाल्या,
"पंधरा? मला तर सोमवारीच खुर्ची चालवावी लागली."
आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पेटीत दोन सर्जन मासे आहेत, धडधाकट,
अंगावर एक किडा नाही.
कोळंबीचा चुरा टाकतो, तो अर्धा तसाच तळाला.
मी हात घातला की ती
(की आता तो म्हणायचं?)
समोर येऊन नाचते,
शेपूट वर, शेपूट खाली.

मिठाने माझ्या पेरांना भेगा पडल्यात.
ती भेगेपाशी थांबते,
सुटलेलं कातडं टिपते.
किंचित दुखतं.
आत कुणीतरी आ केलेला,
यंत्राची बारीक शीळ.
मी हात काढत नाही.